लाल फितीचं झाड

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी हरितरावांनी लॅबमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा आपल्याकडे नाताळचं जे झाड उभं राहील ना, त्याच्यापायी या पृथ्वीवरच्या एकाही जिवाला खरचटणार नाही. माझा शब्द आहे." आणि चहाचा कप त्यांनी असा काही अलगद खाली ठेवला, की जणू पृथ्वी त्या कपातच होती.

हरितराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. कुणी पाठकोऱ्या कागदाचा बोळा केला, कुणी रिकाम्या खोलीतला दिवा चालू ठेवला, की हे मागून हजर. आणि बोलायचे इतक्या हळू, इतक्या समजुतीच्या सुरात, की त्यापेक्षा माणसानं दोन शिव्या घातलेल्या परवडल्या. म्हणून लोकांनी पाठीमागे हे नाव ठेवलं. ते कानावर गेल्यावर त्यांनी बक्षीस मिळाल्यासारखं घेऊन टाकलं.

तसा माणूस कामाला चोख. रक्त तपासायच्या त्या लॅबमध्ये एकवीस वर्षं नमुने घेत होते. हात असा हलका, की समोरचा "टोचताय का?" असं विचारेपर्यंत कापूस लागलेला असायचा. एकवीस वर्षांत एका नळीची अदलाबदल नाही. लेबल वाचल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. हिरवी पट्टी म्हणजे तपासायचं, निळी म्हणजे राखून ठेवायचं, लाल म्हणजे काढून टाकायचं. हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं, की घरी बायकोनं लाल झाकणाचा डबा आणला तर त्यातलं खाताना त्यांचा हात अडखळायचा.

लॅबमध्ये झाड लागायचं ते रक्त घ्यायच्या खुर्चीशेजारी. लहान मुलं सुईकडे बघायच्या ऐवजी झाडाकडे बघतात, एवढाच त्याचा उपयोग, पण तो फार मोठा. आजवर तिथे एक प्लास्टिकचं झाड उभं राहायचं. नऊ वर्षं झालेली, तीन पायांपैकी एक मोडलेला, आणि पानं झडायची ती खऱ्या झाडापेक्षा जास्त. मागच्या वर्षी त्यातलं एक पान लघवीच्या नमुन्यात पडलं आणि डॉक्टरबाई अर्धा तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. त्यांना वाटलं, आपल्याला नवीनच जंतू सापडला. तेव्हापासून त्यांचं म्हणणं होतं, "हरितराव, दुसरं काहीतरी बघा."

हरितरावांनी तीन आठवडे बघितलं. तोडलेलं झाड नको, कारण ते तोडलेलं. नवं प्लास्टिकचं नको, कारण ते प्लास्टिकचं. मग त्यांनी नमुन्याच्या रिकाम्या डब्या एकावर एक रचून हिरवं झाड केलं. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, डब्या कशाच्या आहेत ते आठवलं, आणि म्हणाल्या, "उतरवा." शेवटी त्यांनी ठरवलं, कुंडीतलं जिवंत झाड भाड्यानं आणायचं आणि नाताळनंतर परत करायचं. रोपवाटिकेतली बाई म्हणाली, "जिवंत झाडं उन्हाळ्यातच नावावर लागतात हो. आता एकच शिल्लक आहे, ते माझ्या घरी आहे."

नाताळला पाच दिवस उरले होते. आता लॅबमध्ये रोज कुणी ना कुणी विचारायचं, "काय, झाड आलं?" विचारायची तऱ्हा अशी, जशी लांबलेल्या लग्नाबद्दल विचारतात.

शनिवारी ते घरून जिना उतरून आपल्या राहत्या इमारतीच्या मागच्या अंगणात गेले, आणि तिथे झाड उभं होतं.

एक नव्हे, तीन. भिंतीलगत ओळीनं तीन छोटी, टोकदार, हिरवीगार झाडं. रोज खिडकीतून दिसणारी. त्यातल्या मधल्या झाडाला लाल फीत बांधली होती. हरितरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोमवारी अंगणात पाण्याचा नवा पाइप टाकायचा होता आणि आड येणारी झाडं काढायची होती. तशी सूचना खाली फळ्यावर लागलीही होती: 'झाडांवर माळ्याने खूण केली आहे, याची नोंद घ्यावी.' खाली सही, वृक्ष समिती प्रमुख. वृक्ष समितीचे प्रमुख हरितरावच होते. सूचनाही त्यांनीच लिहिली होती. खुणेचा अर्थ काय, ते तेवढं लिहायचं राहिलं होतं, पण लाल फितीला वेगळा अर्थ असतो कुठे?

तरीही नियम म्हणजे नियम. त्यांनी माळ्याला फोन लावला. माळी कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालवत होता.

"लाल फितीचं झाड ते मधलंच ना?" हरितरावांनी विचारलं.

"हां साहेब, मधलंच. त्याची मुळं सांभाळा बरं. धक्का लागता कामा नये."

"अहो, तेच करतोय. मुळांसकट काढून..."

यंत्र घरघरलं. "काय?"

"मुळांसकट, मुळांसकट."

"हां, मुळांसकट सगळंच सांभाळायचं. मला बजावून सांगितलंय." कुणी बजावलं, ते नाव यंत्रानं खाल्लं, आणि फोन तुटला.

हरितरावांचा ऊर भरून आला. बिचारा माळी, मरणाऱ्या झाडाचीसुद्धा इतकी काळजी. त्यांनी तिथल्या तिथे झाडाच्या शेंड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "घाबरू नकोस. मी आहे."

रविवारी सकाळी नवराबायको फावडं घेऊन अंगणात उतरले. बायको गाडी शिकवण्याचा क्लास चालवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुका पायाखालच्या ब्रेकनं थांबवायची तिला सवय होती, त्यामुळे ती कशालाही सहजासहजी हो म्हणत नसे.

"कुणाला विचारलंत का?" तिनं विचारलं.

"माळ्याला विचारलं. आणि समितीच्या प्रमुखाला."

"म्हणजे तुम्हाला."

"प्रमुखाला," हरितराव म्हणाले, आणि खणायला लागले.

काम त्यांनी जीव ओतून केलं. शेंडा हरितरावांच्या खांद्याला लागत होता. मुळांभोवती माती तशीच ठेवून तो गोळा गोणपाटात बांधला. या गडबडीत लाल फीत सुटून मातीत पडली. तोवर नऊ वाजले आणि बायकोकडे गाडी शिकणाऱ्या शिकाऊ मावशींचा तास सुरू व्हायची वेळ झाली. तेव्हा मावशी चालवायला, बायको शेजारी, आणि मागच्या सीटवर हरितराव झाडाला कवटाळून, अशी वरात निघाली. गाडीवर 'शिकाऊ चालक' अशी पाटी, मागच्या खिडकीतून बाहेर आलेला शेंडा आणि त्याच्यामागे हरितरावांचं टक्कल.

"मला आरशात मागचं काही दिसत नाहीये," मावशी रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

"मागे झाड आहे. तुम्ही पुढे बघा," बायको म्हणाली.

सोमवारी लॅबमध्ये हरितराव म्हणजे नवरदेव. झाड एका निळ्या पिंपात बसवलेलं, अंगावर कागदी चांदण्या. खालच्या एका फांदीला पितळेची बारीक तार गुंडाळलेली सापडली, तिलाच त्यांनी मोठा तारा अडकवला. निसर्गच मदतीला येतो, असंही बोलून दाखवलं. समोर त्यांच्या सुवाच्य अक्षरातली पाटी: 'हे झाड मरणार होतं. आम्ही त्याला वाचवलं.' सकाळच्या चार मुलांपैकी तिघं सुई टोचताना रडली नाहीत. चौथ्यानं झाडाच्या नादात दुसराही हात पुढे केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मानलं तुम्हाला," आणि ही बाई वर्षातून एकदाच कुणाला तरी मानायची.

संध्याकाळी घरी येताना ते मुद्दाम मागच्या अंगणातून आले. अंगणात पाइपचा चर भरून टाकलेला होता आणि उरलेली दोन्ही झाडं नाहीशी झाली होती.

हरितरावांचं रक्त तापलं. खूण नसलेली झाडं काढली? वर जाऊन कपडेही न बदलता ते पाइपवाल्यांना खरमरीत पत्र लिहायला बसले. 'ज्यांना खूण वाचता येत नाही, त्यांच्या हाती कुदळ देणे हा गुन्हा आहे,' इथपर्यंत पत्र आलं होतं, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात तळमजल्यावरचे घड्याळकाका उभे होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोलणंही तसंच, एकेक शब्द चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखं. तीन दिवस बहिणीकडे गेले होते, नुकतेच परतले होते. हातात लाल फीत होती, मातीनं माखलेली.

"हरितराव," ते म्हणाले, "आमचं झाड चोरीला गेलं."

"कुठलं झाड?"

"मधलं. माळ्याला मी सांगून गेलो होतो, दोन काढा पण याला हात लावू नका. लाल फीत बांधून घेतली होती मी. दुरून दिसावी म्हणून लाल."

काका सांगत होते, शांतपणे. नात जन्मली त्या दिवशी त्यांनी आणि काकूंनी मिळून ते रोप लावलं होतं. खड्डा काकूंनी खणला. दुसरा वाढदिवस काही काकूंनी पाहिला नाही. पण दरवर्षी वाढदिवसाला नात येते, झाडाशेजारी उभी राहते, काका फोटो काढतात. यंदा पाचवा. परवा, बुधवारी.

"तुम्ही वृक्ष समितीचे प्रमुख," काका म्हणाले. "तुमच्याइतकी झाडांची कळकळ इथे कुणाला नाही. म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

आता सांगायचं होतं. अगदी सोपं वाक्य होतं, चार शब्दांचं. हरितरावांनी तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर पडलं ते ऐकून त्यांना स्वतःलाच धक्का बसला.

"कुणी नेलं असेल हो?"

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"तेच तर शोधायचं," काका म्हणाले. "तुम्ही चौकशी कराल ना?"

"करतो," हरितराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? काकांनी पुरावा म्हणून ती फीत त्यांच्या हातात दिली, टेबलावरच्या पत्राकडे नजर टाकली, पहिली ओळ वाचली आणि गहिवरून म्हणाले, "तुम्ही तर लागलातही कामाला."

दार लागल्यावर बायको बाहेर आली. नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सांगणार आहे," हरितराव म्हणाले. "उद्या झाड आधी जागेवर लावतो, आणि मग सांगतो. झाड जागेवर असलं की सांगायला सोपं जातं."

"झाड जागेवर असलं की तुम्ही सांगणारच नाही," बायको म्हणाली. एवढं बोलून ती आत गेली, आणि हरितरावांना जेवण गेलं नाही, कारण ती म्हणाली ते अक्षरशः खरं होतं.

मंगळवारी ते लॅब उघडायच्या आधीच जाऊन पोचले. पण डॉक्टरबाई त्यांच्याही आधी आलेल्या. हरितराव पिंपाला मिठी मारून ते दाराकडे सरकवत होते.

"कुठे निघालात?"

"झाड... आजारी वाटतंय. बुरशी असावी. मुलांना संसर्ग नको."

आता समोरची बाई वीस वर्षं बुरश्याच बघत आलेली. तिनं एक पान खुडलं, काचेवर ठेवलं, वर एक थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. हरितराव शेजारी उभे. इतकं लांब मिनिट त्यांच्या आयुष्यात आलं नव्हतं.

"झाड ठणठणीत आहे," डोळा न उचलता त्या म्हणाल्या. "तुम्ही बरे दिसत नाही. बसा, रक्तदाब बघते."

"डॉक्टरबाई, मला काही सांगायचंय..."

आणि दार उघडून घड्याळकाका आत आले. त्यांची उपाशीपोटी साखर तपासायची तारीख होती.

"बरं झालं तुम्हीच आहात," ते हरितरावांना म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातून मला टोचून घ्यायला नको वाटतं." खुर्चीत बसले, बाही वर केली. "चौकशीचं काही?"

"चालू आहे," हरितराव म्हणाले.

त्यांनी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना ती सापडेना. शेवटी सापडली, सुई आत गेली, नळीत रक्त चढायला लागलं. काका शेजारच्या झाडाकडे बघत होते. पाटी मोठ्यानं वाचू लागले. "हे झाड मरणार होतं. आम्ही त्याला वाचवलं." वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली. "चांगलं काम आहे."

मग तारा ज्या तारेला अडकवला होता, तिच्यावर त्यांची नजर थांबली. आयुष्यभर भिंगातून बारीक बघितलेली नजर ती.

"ही तार," काका म्हणाले, "पितळेची आहे. घड्याळाची. ही गाठ मी मारतो तशी आहे."

त्यांनी मोकळ्या हाताच्या बोटानं तार चाचपली.

"फांदी वाकत होती म्हणून मी ती बांधली होती. पावसाळ्यात."

"काका," हरितराव म्हणाले, "ते तुमचंच झाड आहे. मी नेलं. मला वाटलं, लाल फीत म्हणजे काढायचं. आमच्याकडे लाल म्हणजे... मी माळ्याला विचारलं होतं, पण तो गवत कापत होता. आणि काल तुम्ही आलात तेव्हा मी सांगणार होतो, पण..."

"हरितराव," काका अगदी सौम्यपणे म्हणाले, "आधी सुई काढा."

त्यांनी सुई काढली. कापूस लावला. काकांनी कोपर दुमडलं. रागावले असते तर बरं झालं असतं. हरितराव त्या ओरडण्याची वाट बघत होते, जसं माणूस शिंकेची वाट बघतो. पण काका ओरडलेच नाहीत.

"काल तुम्ही मला विचारलंत, कुणी नेलं असेल," ते म्हणाले.

"हो."

"झाडाचं मी समजू शकतो. फितीची चूक कुणाचीही होईल." काका उठले. "ते काल विचारलंत, ते मला समजत नाही."

हरितरावांना जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण लॅबची फरशी पक्की होती. डॉक्टरबाईंनी पुढे होऊन ती पाटी काढली, मधोमध दुमडली आणि त्यांच्याकडे न बघता कचऱ्यात टाकली. पाठकोरी होती. हरितराव काही बोलले नाहीत.

दुपारी तीच वरात उलट निघाली. तोच शिकाऊ मावशींचा तास, तीच गाडी. फक्त यावेळी मावशींच्या शेजारी बायको एक शब्द बोलत नव्हती आणि मागे हरितराव झाडाआड तोंड लपवून बसले होते. "आज मला आरशात झाडाची सवय झालीय," असं मावशी आनंदानं म्हणाल्या. तिकडे लॅबमध्ये डॉक्टरबाईंनी पोटमाळ्यावरून जुनं प्लास्टिकचं झाड काढलं, मोडक्या पायाखाली रजिस्टर सारलं आणि धूळ झटकून उभं केलं. नवीन काही आणायचं नाही, काही तोडायचं नाही, आहे तेच दहावं वर्ष वापरायचं. सगळ्यात कमी त्रासाचं झाड तेच होतं, हे हरितरावांना आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अंगणात माळी येऊन थांबला होता. त्यानं खड्डा पाहिला, झाड पाहिलं, आणि म्हणाला, "साहेब, मी फोनवर सांगितलं होतं ना, लाल फितीचं सांभाळा म्हणून?"

"सांगितलं होतंस," हरितराव म्हणाले.

"मुळांसकट म्हणालो होतो."

"हो रे बाबा."

झाड लागलं, पण नीट उभं राहीना. एका अंगाची मुळं तुटली होती. सोडलं की ते हळूच डावीकडे कलायचं, झोप आलेल्या पाहुण्यासारखं. माळ्यानं तीन खुंट्या ठोकून दोरीनं बांधलं, तरी थोडं कललेलंच राहिलं. जगेल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "रोज पाणी घाला. उन्हाळा गेला की कळेल."

घड्याळकाका खिडकीतून बघत होते. सगळं आवरल्यावर ते बाहेर आले. "उद्या नात विचारेल, झाड वाकडं का," ते म्हणाले. "मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. आणि खरं काय ते माझ्या तोंडून निघणार नाही. तुम्हीच सांगा."

बुधवारी अकरा वाजता हरितराव इस्त्रीचा शर्ट घालून झाडाशेजारी उभे होते. रात्रभर जागून त्यांनी मनाशी भाषण जुळवलं होतं. त्यात प्लास्टिक किती वर्षं कुजत नाही तिथून सुरुवात होती, मधे रंगांच्या खुणांमधली विसंगती होती आणि शेवटी फोनच्या आवाजाची तांत्रिक अडचण होती. बायको दोन पावलं मागे उभी होती, पायाखाली ब्रेक असल्यासारखी.

काकांची मुलगी आली आणि तिच्या हाताला धरून नात. पाच वर्षांची, अंगात पिवळा स्वेटर, दोन दात पडलेले. तिनं झाडाकडे पाहिलं, मान तितकीच वाकडी केली, आणि विचारलं, "याला काय झालं?"

हरितराव खाकरले. "त्याचं असं आहे बाळ, प्लास्टिक ही वस्तू..."

मागून बायको खोकली.

हरितराव थांबले. प्लास्टिक गेलं, विसंगती गेली, तांत्रिक अडचण गेली. डोकं धुतलेल्या नळीसारखं रिकामं झालं. "मी ते न विचारता उपटून नेलं होतं," ते म्हणाले. "काल परत आणून लावलं."

काकांच्या मुलीनं तोंडावर हात ठेवला. ती झाडापाशी गेली, खाली बसली आणि बुंध्याजवळची माती हलक्या हातानं दाबत राहिली. तिच्या आईनं खणलेली जागा ती. हरितरावांनी नजर वळवली.

नात मात्र त्यांच्याकडेच बघत होती. "माझं झाड?"

"हो."

"म्हणजे तुम्ही चोर आहात?"

"तसं नाही, म्हणजे मला वाटलं की..." त्यांनी आजूबाजूला बघितलं. कुणीच मदतीला येईना. "हो," ते म्हणाले.

"आजोबांना सॉरी म्हणालात?"

दोन दिवसांत त्यांनी काकांना फितीचं सांगितलं होतं, माळ्याचं सांगितलं होतं, यंत्राचं सांगितलं होतं. डॉक्टरबाईंना सांगितलं, बायकोला चार वेळा सांगितलं. खुलाशांचा ढीग घातला होता. आणि हे एक सांगायचं राहिलं होतं.

ते काकांकडे वळले. बावन्न वर्षांचा माणूस, पण हात शाळेतल्यासारखे आपोआप मागे गेले. "काका, माझं चुकलं," ते म्हणाले. "झाडाचं चुकलंच. पण परवा दारात तुमच्याशी जे बोललो, ते जास्त चुकलं. भित्रेपणा केला मी."

काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. मग म्हणाले, "बरं. ऊन आहे तोवर फोटो काढून घेऊ."

एवढंच.

फोटो काढायला बायको पुढे झाली. नात झाडाशेजारी उभी राहिली, दुसऱ्या बाजूला काका आणि मुलगी. पण झाड कललेलं, आणि नातीला ते पसंत पडेना. "सरळ पाहिजे," ती म्हणाली. दोऱ्या आणखी ताणल्या तर मुळं उचकटतील, असं माळी सांगून गेला होता. तेव्हा कुणीतरी मागून नुसतं हलकेच धरायला हवं होतं. हरितराव मुकाट्यानं मागे गेले, ओल्या मातीत इस्त्रीच्या पँटसकट उकिडवे बसले आणि बुंधा धरला.

"आणखी खाली," बायको म्हणाली. "टक्कल दिसतंय."

ते आणखी खाली झाले.

"चोरकाका, हलू नका," नात म्हणाली.

आणि तिथे ते नाव पडलं. संध्याकाळपर्यंत ते जिन्यानं चौथ्या मजल्यावर पोचलं. दुसऱ्या दिवशी शिकाऊ मावशींनी ते लॅबपर्यंत नेलं, आणि जानेवारीत तर भर गर्दीत डॉक्टरबाईंनी आतून हाक मारली, "चोरकाका, पुढच्या पेशंटला घ्या." तो पेशंट उठून निघून गेला.

झाडानं मार्चमध्ये शेंड्याला बोटभर कोवळी पालवी काढली. काका ती बघायला खाली बसले तेव्हा हरितराव शेजारीच होते. काका म्हणाले, "आली," आणि हरितराव म्हणाले, "आली," आणि त्यांच्यात त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं. पण चहा काकांनी आत बोलावून दिला.

दर रविवारी सकाळी परगावाहून नातीचा काकांना फोन येतो. आजोबांशी दोन मिनिटं बोलून झालं की ती म्हणते, "चोरकाकांना द्या." काका खिडकीतून फोन बाहेर देतात. हरितराव झारी घेऊन अंगणात उभेच असतात.

"पाणी घातलंत?"

"घातलं."

"खरंच?"

"अगदी खरं," हरितराव म्हणतात. फोन परत देतात. आणि मग इकडेतिकडे बघून आणखी अर्धी झारी ओततात. घातलेलं असतं, तरीही.